पोरीला उजव्या बाजूने सायकल चालवायला सांगितलं? आधी ते बंद करा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोरगी आठवीत गेली, सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली, शाळा साडेचार किलोमीटर आणि त्यातले तीन राज्य मार्गावरून, पिकअपवाले कट मारून जातात म्हणून तुम्ही तिला सांगितलं की उजव्या बाजूने चालव, समोरची गाडी दिसते तरी. खाली दोघातिघांनी 'बरोबर केलं' असं पण लिहिलं. मी १४ वर्षं कापसाची गाडी चालवली, राळेगाव वडकी हिंगणघाट, आणि शुगर निघाली तेव्हापासून ६ वर्षं झाली त्याच रस्त्याने रोज सकाळी सायकल चालवून राहिलो, म्हणजे दोन्हीकडून पाहून झालं. राग नका मानू पण ही उजव्या बाजूची गोष्ट आजच बंद करा.

पायी चालणाऱ्याने उजवीकडून चालावं हे खरं आहे, गोंधळ तिथूनच झाला असेल. पण पायी माणूस एका पावलात रस्त्याखाली उतरतो, सायकल तशी उतरत नाही. आता हिशोब पाहा, पोरगी १५ च्या स्पीडने, पिकअप ६० ने. मागून आली तर फरक ४५ चा. समोरून आली तर बेरीज ७५ ची. आणि मागून येणारा स्पीड कमी करून तिच्यामागे दहा सेकंद राहू शकतो, समोरून येणाऱ्याला तसं करताच येत नाही, त्याला एकतर पूर्ण थांबा लागते नाहीतर बाजूला ओढा लागते. अजून एक, फाट्यावरून डावीकडे वळून रोडला लागणारा ड्रायव्हर फक्त उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुमची पोरगी त्याच्या डावीकडून येऊन राहिली हे त्याच्या डोक्यातच नसते.

आता कट मारण्याबद्दल. काही जण मुद्दाम मारतात, ते आहेतच, त्यांना देव पण सुधारू शकत नाही. पण बहुतेक वेळा त्याला तुम्ही उशिरा दिसता. हे मी स्वतःवरून सांगतो. जानेवारी महिना, पहाटेचे साडेपाच, धुकं, गाडीत कापूस, आणि समोरून एक ट्रॅव्हल्स अप्पर (लांब फेकणारा लाइट) मारून येऊन राहिली होती, मला नुसता पांढरा पडदा दिसत होता. ती गेली आणि बोनेटपुढे एकदम दुधाचे दोन कॅन. माणूस नाही दिसला, सायकल नाही दिसली, कॅन दिसले. स्टेअरिंग ओढलं, तो बिचारा घाबरून साइडपट्टीवर उतरला आणि आडवा झाला. फार लागलं नाही, पण दूध सगळं मातीत. मी धावत गेलो तर तो मलेच विचारते, "काहून भाऊ, दिसलो नाही का मी?" नव्हताच दिसला ना बाप्पा. अंगावर काळं घोंगडं, मडगार्डचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. दुधाचे पैसे दिले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, गाडी उभी राहिली, यात साधी कारसुद्धा ४० मीटरच्या आसपास खाते, भरलेली गाडी त्याहून जास्त. आणि डिप्परवर (खाली पाडलेल्या लाइटवर) काळ्या कपड्यातला माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर दिसतो. म्हणजे दिसला तेव्हा वेळ संपलेला असतो. म्हणून पोरीच्या सायकलला ट्रॉलीला लावतो ती चमकणारी टेप लावा. मागच्या मडगार्डवर लाल, आणि विसरू नका, दोन्ही पॅडलच्या कडेला पिवळी, मागून दिसेल अशी. पॅडल खालीवर होते ना, हलणारी चमक पाहिली की ड्रायव्हरला लगेच कळते की हा दगड नाही, सायकलवाला आहे. मागे लुकलुकणारा लाल लाइट पण लावा, तो दिवसा पण चालू ठेवला तर चांगलंच. दप्तर पाठीवर असते त्यामुळे चमकणारं जॅकेट घातलं तरी झाकल्या जाते, टेप दप्तरावर पाहिजे. हेल्मेट मिळत असेल तर घ्या, पण वरचं सगळं आधी.

दुसरं म्हणजे रस्त्यात कुठे चालवायचं. आपल्याकडे पोरांना शिकवतात की अगदी काठाने चालव. चूक. आता रोड सिमेंटचे झाले, काठ आणि साइडपट्टी यात कुठे कुठे वीतभर खड्डा आहे, पावसाळ्यात तर काळी माती म्हणजे साबण. काठावरून चाक घसरलं की सायकल बाहेर पडत नाही, पोरगं आत रोडवर पडते, आणि तिथेच मागून येणाऱ्या गाडीचं चाक येते. काठापासून दोन हात आत, सरळ रेषेत. खड्डा आला तर ऐनवेळी झोल नाही घ्यायचा, आधीच मागे पाहून हळूहळू सरकायचं. उजव्या हँडलला छोटा आरसा लावून द्या, मान वळवली की हँडल पण वळते लहान पोरांचं. ओढणी आणि हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी, दोन्ही बंद.

तुमच्या प्रश्नात वाटेवरची जी मोरी (छोटा पूल) म्हणता तिथे साइडपट्टी संपते, म्हणजे तिथे तीन जणांची जागा नाहीच. दोन्हीकडून गाड्या असतील तर मोरीच्या अलीकडे सायकलवरून उतरून थांबायचं, जाऊ द्यायच्या. हक्क बिक्क मला पण माहीत आहे, पण २० टनाच्या गाडीसोबत मोरीवर वाद नाही घालत मी.

मैत्रिणी सोबत असतील तर गप्पा मारत दोघी जोडीने चालवणारच, आपणही चालवली. रोड रिकामा असेल तर ठीक, पण शेवटच्या पोरीने 'गाडी!' म्हटलं की सगळ्या एका लायनीत, हे एकदा खेळासारखं करून घ्या.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन रोडवर वाळते तेव्हा अर्धा रोड जातो, आणि ढीग उचलला तरी भोवती ठेवलेले दगड लोक तसेच सोडून जातात. पसरलेल्या दाण्यावरून सायकल नेली तर बेअरिंगच्या गोळ्यांवर चालवल्यासारखी घसरते. तिथे उतरून चालत जायचं.

आणि तुम्ही स्वतः पिकअप चालवता म्हणून हे तुमच्यासाठी. सायकल ओव्हरटेक करताना मध्ये एक खाट आडवी बसेल इतकी जागा सोडा, तेवढी नसेल तर मागे थांबा. हॉर्न लांबूनच, एकदा, बारीक. अगदी बाजूला येऊन दाबला की समोरचा दचकून तुमच्याच अंगावर येतो. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला कापते, ट्रॅक्टरचं मुंडकं पुढे गेलं म्हणजे ट्रॉली गेली असं नाही. क्लिनर साइडला, म्हणजे डावीकडे, टायरपाशी काहीच दिसत नाही, डावीकडे वळायच्या आधी तिकडे सायकल आहे का ते क्लिनरला विचारा, क्लिनर नसेल तर उभे राहून पाहा. सकाळी उगवतीकडे जाताना काच पुसलेली ठेवा, ऊन डोळ्यात आलं की शाळेची पोरं दिसत नाहीत. गाडी उभी केली की आपलं उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा, आपोआप मान मागे वळते. आणि कोणी पडलेलं दिसलं तर १०८ ला लावा, थांबा. पोलिसांच्या लफड्याला लोक भितात, पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्याला आता संरक्षण आहे.

या रविवारी तिच्यासोबत तुम्ही पण एक सायकल घेऊन पूर्ण रस्ता जाऊन या, शाळेच्या वेळेलाच. मोरीचे कठडे आहेत की तुटले, आणि पलीकडे उतार आहे का, ते पाहून इथे लिहा. उतार असेल तर तिथलं थोडं वेगळं सांगावं लागेल.