पर्वतीवरून सूर्यास्त बघायचाय? मग आधी वेळ गाठा

पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. त्या दिवसाची वेळ बघा आणि पाऊण तास आधी पायथ्याशी पोहोचा. पायऱ्या १०३ आहेत, पण रुंद आणि उतरत्या, त्यामुळे घाई केलीत की पोटऱ्या भरून येतात.

सूर्य मावळायला किती वेळ उरलाय ते मोजायला हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची, एका बोटाला पंधरा मिनिटं, असं बरेच जण सांगतात. ते आपल्याकडे चालत नाही. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून एका बोटाला आठेक मिनिटंच धरा. हिवाळ्यात तर धूर-धुळीचा थर इतका असतो की लाल गोळा क्षितिजाच्या बोटभर वरच विरून जातो. तेव्हा आणखी दहा मिनिटं आधी या. सगळ्यात स्वच्छ हवा पावसाची सर येऊन गेल्यावर मिळते.

जागाही ऋतूप्रमाणे बदला. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे, सिंहगडाच्या उजवीकडे बरंच अंतर ठेवून बुडतो, जूनमध्ये वेताळ टेकडीच्या बाजूला सरकतो.

मोबाइलवर फोटो काढताना बोट आकाशावर टेकवून उजेड कमी करा, नाहीतर सूर्याचा नुसता पांढरा डाग येतो.

आणि गोळा बुडाला की लगेच उठू नका! पुढची वीस मिनिटं उत्तरेला वळून बसा. पेठांमधले दिवे एकेक करून लागतात, आकाश अजून निळंच असतं. उतरताना मात्र टॉर्च हवाच.