ड्रोनचा व्हिडिओ २ किलोमीटरवर तुटतो. १० किलोमीटरपर्यंत न्यायला २ वॉटचा ट्रान्समीटर घ्यावा का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नका.

तुमचा सेटअप मला समजला तो असा: फिक्स्ड विंग, ५.८ गिगाहर्ट्झवर वायफाय कार्डातून जाणारा डिजिटल व्हिडिओ, पॉवर ५०० मिलिवॉट, दोन्हीकडे कार्डाबरोबर आलेल्या साध्या दांडी अँटेना. टेलिमेट्रीला (ड्रोनची उंची, बॅटरी वगैरे माहिती देणारी लिंक) ४३३ मेगाहर्ट्झचे, १०० मिलिवॉटचे सिक (SiK) रेडिओ. मोकळ्या रानात व्हिडिओ २ किलोमीटरवर फुटतो आणि टेलिमेट्री त्याच्याही आधी अडखळते.

आधी पॉवरचा हिशोब करू. ५०० मिलिवॉटचे २ वॉट म्हणजे चौपट, म्हणजेच ६ डेसिबल (डेसिबल हे पटींचं माप). मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल नेमका ६ डेसिबलने पडतो. थोडक्यात, हीटसिंक आणि पंखा चढवून, बॅटरी जाळून तुम्ही २ चे ४ किलोमीटर करणार, तेही कागदावर. २ चे १० करायला १४ डेसिबल लागतात. ते नुसत्या पॉवरमधून काढायचे तर साडेबारा वॉट होतात. तो रस्ता बंदच समजा.

तुमच्या प्रश्नात मला खरी खटकली ती टेलिमेट्री. ४३३ मेगाहर्ट्झवर १० किलोमीटरला होणारा तोटा सुमारे १०५ डेसिबल. १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर). त्यात दोन्ही अँटेनांचे दोन-दोन डेसिबल धरले तर पलीकडे उणे ८१ डीबीएम पोचतात. हे रेडिओ नेहमीच्या ६४ केबीपीएसच्या एअर स्पीडला उणे १०० च्याही खालचा सिग्नल उचलतात. म्हणजे १० किलोमीटरवरही २० डेसिबल शिल्लक राहायला हवेत, आणि तुमचा रेडिओ २ च्या आतच गळपटतो. सिग्नल पोचतोय, पण ड्रोनवर रिसीव्हरच्या कानाशी कोणीतरी ओरडतंय.

कोण ओरडतंय ते शोधणं सोपं आहे. ड्रोन टेबलावर ठेवा, प्रॉपेलर काढा, टेलिमेट्री जोडा आणि मिशन प्लॅनरमध्ये (ड्रोनवर नजर ठेवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) स्टेटस टॅब उघडा. आरएसएसआय (सिग्नलचा जोर), रेमआरएसएसआय, नॉइज (गोंगाट) आणि रेमनॉइज असे चार आकडे सापडतील. ‘रेम’वाले दोन ड्रोनवरच्या रेडिओचे. आकड्याला १.९ ने भागून त्यातून १२७ वजा केले की साधारण डीबीएम मिळतात. आता कॅमेरा, व्हिडिओचा छोटा संगणक, वायफाय कार्ड सगळं बंद ठेवून रेमनॉइज बघा. समजा ४० आला. म्हणजे उणे १०६. मग एकेक गोष्ट चालू करत जा. कॅमेरा चालू केल्यावर तोच आकडा ६० वर गेला तर तो उणे ९५ झाला. साडेदहा डेसिबल गेले, आणि अंतर तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं. असं असताना जमिनीवरून कितीही जोरात पाठवा, ड्रोनला ऐकू येणार नाही. जमिनीवरचा नॉइजही बघून ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर तो उतरला तर नवल वाटून घेऊ नका.

ड्रोनवरचे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे कॅमेऱ्याची चपटी रिबन केबल, एचडीएमआय केबल आणि हलक्या दर्जाचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग). केबल तांब्याच्या टेपने गुंडाळून ती टेप ग्राउंडला जोडा, बीईसीच्या तारांवर फेराइट (गोंगाट शोषणारं कडं) चढवा. सगळ्यात जास्त गुण मात्र अँटेना लांब नेल्याने येतो. टेलिमेट्रीची अँटेना फ्युजलाजमधून काढून पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे न्या. कार्बन फायबरच्या आत किंवा त्याला खेटून अँटेना लावणं म्हणजे ती डब्यात बंद करणंच.

वायफाय कार्डाला वेगळा ५ व्होल्टचा बीईसी द्या आणि कार्डाच्या अगदी जवळ एक लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाका. पाठवताना कार्ड झटक्यात करंट ओढतं, व्होल्टेज बसतं, कार्ड रीसेट होतं, आणि आपण म्हणतो रेंज संपली. हा घोळ २ वॉटच्या कार्डाने वाढतोच, आणखी एक कारण ते न घेण्याचं.

अँटेनांचे कनेक्टरही तपासा. एसएमए आणि आरपी-एसएमए एकमेकांवर छान फिरून बसतात, पण चुकीच्या जोडीत मधली पिन दोन्हीकडे नसते. बाहेरून सगळं घट्ट आणि आत संपर्कच नाही. अशा अवस्थेत ट्रान्समीटर चालवला तर त्याचा पॉवर अँप्लिफायर जळू शकतो.

आता व्हिडिओचे १४ डेसिबल. जमिनीवरच्या दांडीच्या जागी १४ डीबीआयचा (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या अँटेनापेक्षा १४ डेसिबल जास्त) पॅनेल अँटेना लावलात तर एका फटक्यात सुमारे १२ मिळतात. पॅनेलचा झोत साधारण ३० अंशांचा असतो. तुम्ही एकाच दिशेला उडवत असाल तर स्टँडवर बांधून भागतं, अँटेना ड्रोनकडे वळवत ठेवणारा ट्रॅकर लागत नाही. डोक्यावरून घिरट्या घालायच्या असतील तेव्हासाठी दुसऱ्या कार्डावर दांडी राहू द्या. सॉफ्टवेअर दोन्ही कार्डांची पाकिटं एकत्र करतं. बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा मोजतात ती ट्रान्समीटर आणि त्याची अँटेना मिळून किती जोर बाहेर पडतो याची. जमिनीवरची अँटेना नुसती ऐकत असेल तर तिचा फायदा त्या हिशोबात येत नाही, म्हणून वाढवायचंच तर ऐकणारी बाजू वाढवा.

उरलेले दोन-चार डेसिबल बिटरेटमधून काढा. एमसीएस (वायफायच्या वेगाची पायरी) ३ वर असाल तर एमसीएस १ वर या. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर हवेतला वेग २६ वरून १३ मेगाबिट होतो आणि संवेदनशीलता ५ डेसिबलच्या आसपास सुधारते. डब्ल्यूएफबी-एनजीमध्ये (वायफाय कार्डांतून एकतर्फी व्हिडिओ पाठवणारं सॉफ्टवेअर) एफईसी, म्हणजे हरवलेली पाकिटं भरून काढायची सोय, मुळात ८/१२ असते: ८ पाकिटांची १२ करून पाठवायची, त्यातली कुठलीही ८ पोचली की काम झालं. त्यामुळे १३ पैकी ८-साडेआठच तुमचे, आणि तेही काठोकाठ भरायचे नाहीत. एच.२६५ (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) वर ४-५ मेगाबिट ठेवा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण दिसेल. साधं वायफाय पोचपावतीची वाट बघतं आणि ती वेळेत आली नाही की कोलमडतं. तुम्ही अजून तसंच हॉटस्पॉट जोडून व्हिडिओ पाठवत असाल तर आधी ते सोडा. इथे व्हिडिओ एकतर्फी जायला हवा.

पोलरायझेशनबद्दल (लहर कुठल्या दिशेने डोलते) एवढंच: दोन्ही दांड्या उभ्या, किंवा दोन्हीकडे एकाच हाताच्या सर्क्युलर (लहर गोल फिरवणाऱ्या) अँटेना. एक उजवी आणि एक डावी लागली तर २० डेसिबलच्या आसपास फुकट जातात. दांडीचं टोक ड्रोनकडे रोखून धरू नका. टोकाच्या दिशेला ती जवळपास मुकी असते.

उंची विसरली जाते. ४३३ वर १० किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमध्ये लहरीला लागणारी फुगीर जागा) त्रिज्या ४० मीटरच्या वर असते; ५.८ गिगाहर्ट्झवर तीच ११-१२ मीटर. त्यातला किमान ६० टक्के भाग झाडं-टेकाडांपासून मोकळा हवा. ड्रोन दिसतोय म्हणजे रेडिओला वाट मोकळी आहे असं नाही. जमिनीवरच्या अँटेना खांबावर चढवा आणि वायफाय कार्डही तिथेच वर बसवून खाली इथरनेट आणा. ५.८ गिगाहर्ट्झला बारीक कोअॅक्स मीटरमागे २ डेसिबलहून जास्त खाते. पॅनेलने कमावलेलं केबलने घालवाल.

व्हिडिओवर विसंबून परत यायचा बेत ठेवू नका. कंट्रोल लिंक वेगळी, आणि ती किंवा टेलिमेट्री गेली की आपोआप आरटीएल, म्हणजे ड्रोन स्वतःच निघाल्या जागी परत. हे जवळच, दोन्ही रेडिओ मुद्दाम बंद करून पाहून घ्या. फ्रिक्वेन्सी, पॉवर आणि नजरेपलीकडचं उड्डाण यांचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत मोकळा असलेला ९०२ ते ९२८ चा पट्टा युरोपात तसा नाही. दुसऱ्याचा सेटअप उचलण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा.

सगळं लावून झालं की लगेच १० किलोमीटर गाठायला जाऊ नका. व्हिडिओची पॉवर १३ डेसिबलने उतरवा, म्हणजे २५ मिलिवॉटवर आणा, आणि उडवा. १३ डेसिबल म्हणजे अंतराचा जवळपास साडेचारपट फरक. २५ मिलिवॉटवर वळणं घेतानाही अडीच किलोमीटरपर्यंत चित्र तुटलं नाही, तर पूर्ण पॉवरवर ११ चा हिशोब बसतो. दीडवरच तुटलं तर परत या आणि पुन्हा रेमनॉइजपासून सुरुवात करा.