बंद संगणकाच्या पोर्टवरची रात्रीची हालचाल

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक मी रोज रात्री ‘शट डाउन’ करतो. तरीही त्याच्या नेटवर्क पोर्टवरचा दिवा लुकलुकत राहतो, राउटरच्या यादीत तो जोडलेला दिसतो आणि एका रात्री त्या पोर्टवर बरीच माहिती ये-जा झाल्याची नोंद मिळाली. अँटिव्हायरसला काही सापडले नाही. संगणकात कोणी शिरले असेल का? हार्ड डिस्क फॉरमॅट करावी का?

उत्तर : फॉरमॅटची घाई करू नये. प्रोसेसर थांबलेला असताना डिस्कवरचा कोणताही प्रोग्राम, मग तो व्हायरस का असेना, चालू शकत नाही. म्हणजे संगणक खरोखर बंद असेल, तर या हालचालीचे मूळ डिस्कवर नाही; आणि ते डिस्कवर असेल, तर त्या वेळी संगणक बंद नव्हता. हे आधी ठरवले नाही, तर पुढचा सगळा तपास अंदाजावर चालतो.

आपण दिलेल्या तीन खुणांचे वजन सारखे नाही. दिवा लुकलुकणे स्वाभाविक आहे. ‘शट डाउन’ केल्यावरही पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, आणि ‘वेक ऑन लॅन’ सुविधा चालू असेल तर नेटवर्क कार्ड त्यावर जागे राहून स्वतःला उठवणाऱ्या संदेशाची वाट पाहते. हा संदेश एरवी १०२ बाइटचा असतो : सुरुवातीला सहा ठरावीक बाइट आणि पुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता (म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा. जोडणी जिवंत असल्यामुळे नेटवर्कवर सर्वांना उद्देशून फिरणारे संदेशही या पोर्टपर्यंत पोहोचतात आणि दिवा लुकलुकतो. राउटरच्या यादीवर तर फारसा विश्वास ठेवूच नये. आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो आणि अनेक राउटर ती मुदत संपेपर्यंत नाव पुसत नाहीत.

तिसरी नोंद मात्र पाहण्यासारखी आहे, पण आधी दिशा तपासावी. राउटरच्या पानावर ‘पाठवले’ म्हणजे बहुधा राउटरने संगणकाकडे पाठवले. आकडे उलटे वाचल्यामुळे अनेकांची झोप उडते. संगणकाकडून बाहेर आलेली माहितीच मोठी असेल, तर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टम विभाग उघडून त्या रात्रीच्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात. त्या तासांत नोंदी असतील, तर संगणक चालू होता. मग बायोसमध्ये (म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ठरावीक वेळी संगणक चालू करण्याची सोय सुरू आहे का, ‘वेक ऑन लॅन’ने त्याला कोणी उठवले का, की ‘शट डाउन’ऐवजी ‘स्लीप’ निवडले जात होते, हे शोधावे. या स्थितीत व्हायरसची शंकाही रास्त ठरते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’वर मात्र उगाच ठपका ठेवला जातो : त्यात प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो, पण प्रोसेसर थांबतोच.

नोंदी नसतील, तर हालचाल कार्डाची किंवा मदरबोर्डची आहे. स्लीपमध्ये कार्ड पत्त्याविषयीच्या साध्या चौकशांना स्वतःच उत्तर देऊ शकते. ते निरुपद्रवी असते. इंटेलच्या काही कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र असा दोष होता की झोपलेला संगणक आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना उद्देशून असलेले) संदेश अखंड सोडून सारे नेटवर्क मंद करत असे. त्यावर ड्रायव्हर अद्ययावत करणे हा उपाय आहे. कार्यालयीन वापराच्या अनेक संगणकांत इंटेलचे ‘एएमटी’ (संगणक दुरून सांभाळण्याची सोय) असते, जे मुख्य प्रोसेसर बंद असतानाही त्याच तारेवरून बोलू शकते. त्यातील एक गंभीर त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली होती. जुना कार्यालयीन संगणक विकत घेतला असेल, तर हे आवर्जून तपासावे.

निर्णायक चाचणी म्हणजे पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या संदेशांची प्रत दुसऱ्या पोर्टवर देण्याची सोय) असलेला स्विच मध्ये लावून दुसऱ्या संगणकावर ‘वायरशार्क’ या संदेश टिपणाऱ्या प्रोग्रामने ते नोंदवणे. ज्या संदेशांत आपल्या कार्डाचा मॅक पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून आहे, तेवढेच विचारात घ्यावेत. टीसीपी १६९९२ ते १६९९५ या पोर्ट क्रमांकांवरून (हे पोर्ट म्हणजे तारेची खाच नव्हे, संदेशातला क्रमांक) उत्तरे जाताना दिसली, तर एएमटी चालू आहे असे समजण्यास हरकत नाही. ते बायोसमधून बंद करावे. ‘वेक ऑन लॅन’ नको असेल, तर बायोसमधील ‘ईआरपी’ हा वीजबचतीचा पर्याय सुरू करावा. त्याने स्टँडबायचा बहुतेक पुरवठा तुटतो आणि दिवाही सहसा विझतो. एवढी खटपट नको असेल, तर वीजपुरवठ्याचे बटण रात्री बंद करणे पुरेसे आहे.

प्रश्न : लॅपटॉपचे झाकण मिटल्यावरही त्याची वाय-फायवर हालचाल दिसते. हाच प्रकार का?

उत्तर : नाही. झाकण मिटल्यावर लॅपटॉप सहसा बंद होत नाही, स्लीपमध्ये जातो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते आणि त्यात संगणक अधूनमधून जागा होऊन ईमेल किंवा अपडेट घेऊ शकतो. ते नको असल्यास पॉवर सेटिंगमध्ये झाकणासाठी ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणे) निवडावे. त्यानंतरही हालचाल दिसली, तर वरील तपास सुरू करावा.