फणसाखालचा टिंगू, समुद्राला ढकलणारं कोण, आणि चहा प्यायला आलेलं कासव

या वेळी तीन-चार वर्षांच्या पोरांबद्दलचीच पत्रं खूप आलीत, त्यातली तीन घेतलीयत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, कारण हा प्रकार किती घरांत चालू असतो आणि तरी लोक त्यावर दबक्या आवाजातच बोलतात.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहतो. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, बोलायला एकदम चुरचुरीत. काही दिवसांपासून त्याचा एक टिंगू आहे. टिंगू म्हणे मागे परसात फणसाखाली राहतो. जेवताना टिंगूला पण पेज वाढायला लावतो, झोपताना उशीवर त्याच्यासाठी जागा ठेवतो, आणि दुपारी फणसाखाली जाऊन एकटाच हातवारे करत गप्पा मारतो. मला आधी गंमत वाटली पण सासूबाई घाबरल्यात. त्या म्हणतात, ‘ह्याका कायतरी दिसता, गाऱ्हाणा घालून घेवया.’ ती जागा राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीची आहे असं जुनी माणसं सांगतात. नवरा म्हणतो, एकदा ओरड म्हणजे बंद होईल. विहीरपण तिकडेच आहे त्यामुळे जीव थाऱ्यावर नसतो. डॉक्टरांना दाखवू का?

उत्तर : आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, तुमच्या पत्रात जेवढं लिहिलंय त्यावरून तुमचं लेकरू अगदी छान आहे. अडीच-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना असे मनातले सवंगडी असणं ही इतकी सर्रास गोष्ट आहे की अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली जो अभ्यास छापला त्यात सात वर्षांपर्यंतच्या जवळपास दोन तृतीयांश मुलांना कधी ना कधी असा सवंगडी असल्याचं दिसलं. कुणाचा माणूस असतो, कुणाचं मांजर, कुणाची नुसती बाहुलीच बोलत असते.

आणि मुलाला हे माहीत असतं बरं का. भातुकलीत ‘खोटी खोटी भाजी’ करतात तेव्हा ती भाजी कुणी तोंडात घालत नाही ना, तसंच. तुम्ही एकदा नीट बघा, टिंगूच्या वाटीतली पेज शेवटी कोण खातं. तोच खात असणार, आणि तुम्ही फार गंभीर चेहरा करून टिंगूशी बोलायला लागलात तर तोच तुम्हाला सांगेल की अगं आई, तो खोटा खोटा आहे.

मग हे करतो कशाला? त्याचं कारण खूप सुंदर आहे. या वयात पोराला वाटतं खूप पण सांगायला शब्द पुरत नाहीत, त्यात दिवसभर सगळे त्यालाच सांगत असतात, इथे बस, ते सोड, हात धू. टिंगू आला की पहिल्यांदा तो कुणालातरी सांगणारा होतो. म्हणून टिंगू काय बोलतो त्याच्याकडे कान ठेवा. ‘टिंगूला काळोखाची भीती वाटते’ असं तो म्हणाला तर भीती कुणाला वाटतेय ते कळलंच. ‘टिंगूला नवीन बाळ आवडत नाही’ म्हणाला तर त्यातही सांगणं आहे. अशा वेळी ‘मग टिंगूला बरं वाटायला काय करूया’ एवढं विचारलं तरी पोर मोकळं होतं.

मात्र टिंगू त्याचा आहे, तो त्याच्याकडेच राहू दे. त्याने वाटी मागितली तर द्या, पण तुम्ही आपणहून ‘टिंगूने बघ कशी सगळी भाजी संपवली’ असं करू नका. मोठी माणसं शिरली की तो खेळ त्याचा राहत नाही. ओरडून बंद करायचं तर अजिबात नको, ओरडल्यावर टिंगू जात नाही, फक्त तुमच्यापासून लपतो, आणि पोराला पहिल्यांदाच असं वाटतं की आपल्या मनातलं काहीतरी घरात सांगण्यासारखं नाही. यजमानांना हे नक्की वाचायला द्या.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांची भीती मायेपोटी आहे आणि आपल्याकडे राखणदार, देवचार हे काही नुसते गोष्टीतले विषय नाहीत, माणसं त्यांच्या भरवशावर आयुष्य काढतात. त्यांना देवळात जाऊन नारळ ठेवायचा असेल तर ठेवू दे, त्यांचं मन शांत होईल. फक्त एवढं हात जोडून सांगा की मुलासमोर नको. ‘तुका कोण दिसता रे? कसो दिसता?’ असं घाबऱ्या तोंडाने विचारायचं नाही, त्याच्यावरून काही ओवाळून टाकताना कुजबुजायचं नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गेल्या शतकात मुलांशी बोलून बोलून दाखवून दिलं की या वयाच्या मुलाला वारा, चंद्र, ढग सगळं जिवंतच वाटतं. अशा मुलाला तुम्ही फणसाखाली भुताखेताचं काही आहे असं सांगितलंत तर ते त्याला खरंच वाटणार, आणि आजवर नव्हती ती भीती आपण त्याच्या हातात देणार. बागुलबुवा येईल म्हणून जेवायला लावणं याच कारणासाठी मला मनापासून नको वाटतं. त्यापेक्षा आजीला एक काम द्या. रात्री अंथरुणात आजीने विचारायचं, आज टिंगूने काय काय केलं? आठ दिवसांत आजीलाच टिंगू आवडायला लागेल, बघा.

भीती बाळगायची तर ती विहिरीची बाळगा, तिथे तुमचा जीव थाऱ्यावर नसतो हे अगदी बरोबर आहे. ‘टिंगू असला तरी कठड्याजवळ जाताना मोठ्यांचा हात धरायचा’ हा नियम दोघांना सांगा, पण सव्वातीन वर्षांचं पोर नियम पाळेल यावर एक दिवस सुद्धा विसंबू नका. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्या, या आठवड्यात, आणि तोवर परसाकडचं दार कडी लावून. पाण्याने भरलेला हंडा, बादली, हौद हे पण त्यातच आलं.

दुसरं म्हणजे फणसाखालचा पालापाचोळा रोज काढा. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप आणि विंचू अशाच जागी सापडतात. लाल विंचू चावला तर लहान मुलाच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा मंत्र, झाडपाला यात घटकाभर सुद्धा घालवायची नाही, सरळ दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्य याच कामाला दिलं, प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने माणसं वाचतात हे त्यांनी जगाला दाखवलं, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच कोकणातलं हे काम आहे, आपल्याला माहीत पाहिजे.

डॉक्टरांना कधी दाखवायचं तेही लिहिते. येत असलेलं बोलणं मागे जायला लागलं, हाक मारली तरी बघत नाही, घरच्यांशी किंवा इतर मुलांशी खेळणं पूर्ण सुटलं, तो ‘सवंगडी’ त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगतो, किंवा त्याच्या भीतीने पोर झोपत नाही, असं काही असेल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 साली आपल्या पालघरातूनच त्याची सुरुवात झाली, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयात पाठवतं, पैसे लागत नाहीत. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा. तुमच्या पत्रात मात्र यातलं एकही लक्षण नाहीये.

प्रश्न : मी गुहागरची. घरगुती खानावळ आहे, सीझनला पहाटेपासून चूल पेटलेली असते. मुलगी तीन वर्षांची, सारखं ‘का?’ समुद्र मागे का गेला, त्याला कोण ढकलतं, वाळूत गोळ्या कुणी केल्या, मासा रडतो का. मी एका हाताने सोलकढी गाळतेय आणि ही पदर ओढून विचारतेय. शेवटी मोबाईल देते. तिच्या आजोबांना कमी ऐकू येतं, नाहीतर त्यांनी सांभाळली असती. उत्तरं येत नाहीत म्हणून मलाच वाईट वाटतं.

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका हो, पोर विचारतंय याचा अर्थ तिला तुम्ही उत्तर द्याल असा विश्वास आहे. ज्या घरात ‘गप बस’ हेच ऐकायला मिळतं तिथली मुलं काही दिवसांनी विचारायची बंदच होतात.

तीन वर्षांच्या मुलीला मोठं उत्तर नको असतं. एक वाक्य, खरं, बस. ‘समुद्राला चंद्र ओढतो’ एवढं पुरे, तिने पुढे ‘का?’ म्हटलं तर ‘तुला काय वाटतं?’ विचारा आणि ती जे सांगेल ते ऐका, चुकलं म्हणून लगेच दुरुस्त करायची घाई नको. बऱ्याचदा तिला कारण नकोच असतं, तिला तुमच्याशी बोलत राहायचं असतं.

वाळूतल्या गोळ्यांचं मात्र तिला नक्की दाखवा, ओहोटीला पाणी मागे गेलं की. किनाऱ्यावर बारीक भोकं दिसतात आणि प्रत्येकाभोवती मोहरीएवढ्या-मिरीएवढ्या गोळ्यांची नक्षी. तिथे उकिडवं बसायचं आणि अजिबात हलायचं नाही. थोड्या वेळाने नखाएवढा खेकडा वर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्यासारखं चाखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, मग पुढची, इतक्या भराभर की बघतच राहावं. पुढची भरती आली की सगळं पुसलं जातं आणि तो परत सुरू करतो. हलणं बंद केल्याशिवाय खेकडा दिसत नाही, त्यामुळे एरवी एक मिनिट न बसणारं पोर सुद्धा तिथे गप्प बसतं.

आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना बाद करू नका. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा, आणि रोज ती वेळ पाऊण-एक तासाने पुढे जाते. तिला गणित कळणार नाही, कळायची गरजही नाही. पण आजोबा कालनिर्णय बघून बोटं मोजतात, मग तिचा हात धरून नेतात आणि खरंच पाणी आलेलं असतं, हे तिला दिसलं की तिच्या लेखी आजोबांएवढं हुशार कुणी नाही. ऐकू कमी येणं त्यात कुठे आड येतं?

कामाच्या घाईत सरळ सांगा, ‘आत्ता माझा हात मोकळा नाही, पानं उठली की सांगते.’ आणि पानं उठली की खरंच सांगा, ती विसरली असली तरी तुम्ही आठवण करून द्या. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तोवर तिच्यापुढे सूप ठेवा, त्यात शिंपले, करवंट्या, चिंचोके, नारळाच्या शेंड्या, पण घशात अडकण्यासारखं लहान काही असेल तर डोळ्यासमोरच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली ती अशाच पानं-बिया-शंख-शिंपल्यांवर, विकतची खेळणी कुठून आणणार होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली.

मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. सीझनमध्ये एखादा दिवस जास्त झाला तर आभाळ कोसळत नाही. फक्त प्रत्येक ‘का?’ला मोबाईल हेच उत्तर मिळायला नको.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातला निवृत्त शिक्षक. नातू चार वर्षांचा. अंगणवाडीत सांगून आला की रात्री आमच्याकडे कासव आलं, ओटीवर बसून चहा प्यायलं आणि आजोबांची चप्पल घेऊन गेलं. ताईंनी मला विचारलं. आजच खोटं बोलायला लागला तर पुढे काय, याची काळजी वाटते. शिक्षा करावी का?

उत्तर : सर, शिक्षा नको. चप्पल त्याने स्वतः हरवली असेल आणि कासवाचं नाव पुढे केलं असेल तर तेवढ्यापुरतं शांतपणे म्हणा, ‘चप्पल आपण दोघं शोधूया.’ बाकी कासव ओटीवर बसतं, चहा पितं, यात कुणाला फसवायचं काही दिसत नाही, ती गोष्ट आहे. चार वर्षांच्या मुलाला घडलेलं आणि घडावंसं वाटणारं अजून नीट वेगळं करता येत नाही, ते हळूहळू येतं. ‘ही खरी गोष्ट की मनातली गोष्ट?’ असं हसून विचारलंत तर तो आपणच सांगेल. आणि तुम्ही शिक्षक आहात, हातात पेन आहे, तो सांगतो तशीच्या तशी त्याच्या शब्दांत वहीत लिहून ठेवा आणि त्यालाच वाचून दाखवा.

कासवाची एवढी आवड आहे तर त्याला खरी पिल्लं दाखवायला न्या. तुमच्या तालुक्यात आंजर्ल्याला आणि पलीकडे मंडणगड तालुक्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन 2002 साली हे काम सुरू केलं. मादी वाळूत अंडी घालून परत जाते ती वळून बघायला येत नाही, साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि आपली आपण समुद्राकडे चालायला लागतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा बघण्याचा काळ, सकाळी आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात. जायच्या आधी गावात फोन करून विचारा, कारण त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नसतं, आणि नातवाला हे निघतानाच सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड नको. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. चपलेचं त्याला तिथे विचारायचं असेल तर विचारू दे.