स्थळांना खोटं सांगणं आधी थांबवा

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी रेडिएशन ऑन्कोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट पीजीला रँक कमी आली, रेडिओलॉजी हुकली, म्हणून ही ब्रँच घ्यावी लागली. यात पैसा नाही असं सगळे म्हणतात. शिवाय किरणांत काम केलं की पुढे मूल व्हायला अडचण येते असंही ऐकलं. तिच्यासाठी स्थळं पाहतोय. त्यांना आम्ही ‘रेडिओलॉजीत आहे’ एवढंच सांगतो. हल्ली ती फोनवर फारशी बोलत नाही. दिवाळीला आली तेव्हा एक पेशंट गेली म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. सीट सोडून पुन्हा नीट पीजी दे, असं तिला सांगावं का?
— एक वडील, लातूर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही, आणि हल्ली ती फोनवर बोलत नाही. रँक, पगार आणि स्थळं यांच्या मध्ये तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात. माझ्या लेखी पत्रात महत्त्वाचं तेवढंच आहे. सीट सोडायचा विचार तुमचा दिसतो. मुलीनं तसं काही म्हटल्याचं पत्रात कुठेही नाही.

म्हणून आधी तिच्याविषयी. ती दिवसभर काय करते हे घरात कोणाला नीट ठाऊक नसावं असं वाटतं, तेव्हा सांगते. तोंडाच्या कॅन्सरचा एक पेशंट धरा. तंबाखूमुळे आपल्याकडे असे पेशंट भरपूर. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी त्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवतात आणि त्याच्या मापाचा मास्क तयार होतो. तो घालूनच सीटी स्कॅन होतो. मग तुमची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून स्कॅनच्या एकेका कापावर माउसनं रेषा काढत जाते. गाठ कुठवर आहे, आजार कुठवर पोचला असू शकतो, मज्जारज्जू कुठे, लाळग्रंथी कुठे. याला कॉन्टूरिंग म्हणतात. काप शंभराच्या घरात असतात, एका केसला तासन् तास जातात. रेषा आत राहिली तर आजार सुटून जाऊ शकतो, बाहेर गेली तर चांगल्या भागाला शेक बसतो. त्यानंतर आठवड्याचे पाच दिवस, असे साडेसहा-सात आठवडे ट्रीटमेंट. दर आठवड्याला ती त्याला तपासते. तोंड किती सोललंय, घास गिळतोय का, वजन किती उतरलं. कधी कधी वजन इतकं उतरतं की तो मास्क सैल होतो आणि सगळं प्लॅनिंग नव्यानं करावं लागतं.

सात आठवड्यांत त्या पेशंटच्या घरी म्हैस कधी व्यायली इथपर्यंत तिला माहीत झालेलं असतं. असं माणूस गेलं, किंवा आजार उलटून परत आलं, तर नुकत्याच डॉक्टर झालेल्या मुलीला ते लागतंच. लागू नये असं मी म्हणणारही नाही. पण त्यावर बोलायला विभागात कोणाला सवड नसते, पुढची ओपीडी भरलेली असते. घरी फोन करावा तर इकडून विचारणा, ‘मग यंदा फॉर्म भरतेस ना?’ ती फोनवर गप्प होते यात मला काही नवल वाटत नाही.

आणि ते स्थळांचं. कृपा करून आजपासून थांबवा. माणसाचा कॅन्सर बरा करायला शिकणाऱ्या मुलीचं काम तिचे आईवडीलच झाकून ठेवतात, याचा तिनं काय अर्थ लावायचा? तुमचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. पण आपण घरच्यांना कमीपणा आणला, हेच तिच्यापर्यंत पोचतं. रेडिओलॉजी म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय यांवरून निदान करणं. रेडिएशन ऑन्कोलॉजी म्हणजे किरणांनी उपचार करणं, आणि आपल्याकडे हे डॉक्टर अनेक ठिकाणी केमोही देतात. दोन्ही वेगवेगळी शास्त्रं आहेत. एक हुकल्याचं सांत्वन म्हणून दुसरं मिळत नसतं. ज्या स्थळाला तिचं खरं काम सांगायची चोरी वाटते, ते स्थळ तिच्यासाठी नाहीच.

आता मूल न होण्याची भीती. ही मी कित्येक घरांत ऐकली आहे आणि तिच्यामुळे मुलींच्या चांगल्या संधी गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. लिनॅक हे मुख्य यंत्र विजेवर चालतं, बटण बंद केलं की किरण बंद. ते चालू असताना खोलीत फक्त पेशंट असतो. डॉक्टर आणि टेक्नॉलॉजिस्ट जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे बसून कॅमेऱ्यात पाहतात; दार उघडलं तर किरण आपोआप थांबतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून किरण देतात, तिथेही सगळे बाहेर गेल्यावरच किरणांचा स्रोत तारेवरून आत सरकतो. छातीवर अंगावर किती किरण आले ते टिपणारा टीएलडी बॅज असतो आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. जमिनीतून, हवेतून, आकाशातून जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट नैसर्गिकरीत्या मिळतातच. नियमानं चालणाऱ्या विभागात डॉक्टरांचे बॅज त्या मर्यादेच्या फार खाली राहतात. गरोदरपण कळवल्यावर बाळासाठीची मर्यादा १ मिलिसीव्हर्टवर येते आणि त्याप्रमाणे काम वाटून दिलं जातं. या क्षेत्रात लग्न करून, मुलंबाळं वाढवून विभागप्रमुख झालेल्या कितीतरी बायका आहेत. खात्री हवी असेल तर मुलीला तिच्या बॅजचं रीडिंग विचारा. तिच्याकडे ते असतं.

पैशाचं खरं सांगायचं तर सोनोग्राफी सेंटरसारखं स्वतःचं लिनॅक टाकता येत नाही, यंत्रालाच कोट्यवधी लागतात. म्हणजे नोकरी किंवा भागीदारी, आणि त्यात नीट भागतं. सीट मध्येच सोडण्याचा दंड आणि निर्बंध सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. पुढे डीएम मेडिकल ऑन्कोलॉजी किंवा इंग्लंडची एफआरसीआर ही पदवी हे रस्ते आहेत. तिला हवे असतील तर.

रविवारी कॉलेजला जा. सोबत डबा न्या, बायोडाटे नकोत. दिवाळीत गेलेली ती पेशंट कोण होती एवढं विचारा, आणि मग ऐका. ‘मन घट्ट कर’ असं म्हणू नका. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘मी नसले तरी काय’ अशा अर्थाचं काही ती बोलली तर वाट पाहू नका. त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि एकटी सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. ड्युट्यांचे तासही विचारा. रेसिडेंटला, म्हणजे तिच्यासारख्या शिकणाऱ्या डॉक्टरला, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको आणि आठवड्याची एक सुट्टी हवीच, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं २०२४ मध्ये केली आहे. सुट्टी मागणं हा तिचा कमकुवतपणा नाही.

तिला आणखी एका गोष्टीची गरज आहे आणि ती तुम्ही देऊ शकत नाही. शेजारी बसून ‘ही रेषा इथे का काढलीस?’ असं विचारणारा आणि पेशंट गेल्यावर चहाला घेऊन जाणारा एखादा सीनियर. गाइड तसे असतील तर भाग्य. नसतील तर विभागाबाहेर शोधावं लागतं. एआरओआय या रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टांच्या संघटनेचं इंडियन कॉलेज ऑफ रेडिएशन ऑन्कोलॉजी पीजी विद्यार्थ्यांसाठी वर्ग घेतं, तिथे इतर कॉलेजातले बरोबरीचे भेटतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या व्हर्च्युअल ट्यूमर बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या ऑनलाइन बैठकीत, अवघड केसवर मोठे डॉक्टरही एकमेकांशी वाद घालतात. ते ऐकलं तरी सगळं आपल्या एकटीच्या डोक्यावर आहे ही भावना कमी होते. परळच्या टाटा हॉस्पिटलात थोड्या काळासाठी ऑब्झर्व्हर म्हणून जाता येईल का, हे तिनं गाइडना विचारावं.

पहिल्या नोकरीबद्दल आतापासूनच एक सांगून ठेवते, कारण तेव्हा तुम्ही पगाराकडे पाहाल. जिल्ह्याच्या गावी नवं यंत्र बसतं आणि नुकत्याच एमडी झालेल्या पोरीला गलेलठ्ठ पगारावर तिथे एकटीला बसवतात. ती नोकरी पहिली म्हणून घेऊ देऊ नका. मुलाखतीत तिनं विचारावं : माझे कॉन्टूर कोण तपासणार? मेडिकल फिजिसिस्ट (किरणांचा हिशेब पाहणारे) किती आहेत? ट्यूमर बोर्ड भरतो का? मी रजेवर गेले तर पेशंट कोण पाहणार? उत्तरं गुळमुळीत आली तर पगार कितीही असो, उठून यावं. बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष आणि सीनियर रेसिडेन्सी जिथे निदान दोन अनुभवी डॉक्टर आहेत अशा ठिकाणी झाली, तर पुढे ती लातुरातही ताठ मानेनं विभाग चालवेल.

तिच्या नावानं नीट पीजीचा फॉर्म भरू नका. ब्रँच बदलायची इच्छा खरंच तिची असेल तर तिनं मला स्वतः लिहावं. ते पत्र मी इथे छापणार नाही, उत्तर तिलाच पाठवेन.