कोर्टात पत्ता बदललाय का? वकिलाचं नंतर, आधी ते बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. बायकोच्या मावसभावाचा सतरा वर्षांचा मुलगा एकटाच मेक्सिकोच्या बॉर्डरवरून आला, शेल्टरवाल्यांनी न्यू जर्सीत तुमच्या ताब्यात दिला, आता देशात राहू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आलीय आणि तुम्ही विचारताय की सरकार वकील देईलच ना. सात वर्षांपूर्वी मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये हेच विचारत फिरत होते. आमचा म्हणजे नवऱ्याचा भाचा, जालंधरकडचा, सोळा वर्षांचा.

तर दादा, नाही देत. वकील करायचा हक्क आहे, पण सरकारी खर्चाने नाही, असं कायद्यातच लिहिलंय. समोरच्या टेबलावर सरकारचा वकील मात्र हजर असतो. २०१५ मध्ये एका इमिग्रेशन जजने शपथेवर सांगितलेलं की तीन-चार वर्षांच्या मुलांना मी इमिग्रेशनचा कायदा शिकवलाय! आमच्या भाच्याच्या शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी बसलेली, दुभाष्याचा हेडफोन सारखा घसरून तिच्या गळ्यात येत होता. असो.

फुकट वकिलासाठी किंड, न्यूयॉर्कला सेफ पॅसेज प्रोजेक्ट, अशा सगळ्या संस्थांकडे एकदमच नाव नोंदवा, एकाच्या भरवशावर बसू नका. मार्च २०२५ मध्ये सरकारने सुमारे २६,००० मुलांच्या वकिलांचे पैसे थांबवले होते, मग कोर्टाने परत चालू करायला लावले, तेव्हा कधी काय होईल सांगता येत नाही.

आता आमचा घोळ. नाव घेत नाही, पण एक ऑफिस होतं, पाटीवर वकिलाचं नाव, आत बसलेला माणूस आपल्यातलाच, चहा पाजणारा. तीन हजार डॉलर रोख घेतले. आम्ही जॅक्सन हाइट्सहून रिचमंड हिलला घर बदललं तेव्हा म्हणाला, "भाभीजी, पत्ता मी सगळीकडे बदलतो." त्याने बदलला फक्त यूएससीआयएसकडे, म्हणजे ग्रीन कार्डसारखे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे. कोर्ट जस्टिस डिपार्टमेंटचं, यूएससीआयएस होमलँड सिक्युरिटीचं, हे त्याला कळलंच नाही. कोर्टाचा फॉर्म वेगळा असतो, ईओआयआर-३३, पाच दिवसांत भरायचा आणि एक कॉपी सरकारी वकिलाला पाठवायची. नोटीस गेली जुन्या घरी, तिथल्या भाडेकरूने हीटरवर ठेवून दिली, तारीख उलटली आणि जजने गैरहजेरीत रिमूव्हल ऑर्डर, म्हणजे देशाबाहेर काढायचा हुकूम, काढली. आम्हाला कळलं कधी, तर मी सहज कोर्टाच्या फोनलाइनवर ए-नंबर, म्हणजे नोटीसवर असतो तो त्याचा इमिग्रेशनचा नंबर, दाबला तेव्हा, मशीनच्या तोंडून. आणि त्या वकिलाने आपण ह्याचे वकील आहोत हा फॉर्मसुद्धा कोर्टात दिलेला नव्हता! तो फॉर्म दिल्याची कॉपी दाखवल्याशिवाय कुणालाही एक डॉलर देऊ नका, हे माझं ठाम मत, कुणाला राग आला तर येऊ दे.

केस उघडायला दुसरा वकील केला, पहिल्याविरुद्ध रीतसर तक्रार केली, एकशेऐंशी दिवसांची मुदत होती ती जेमतेम गाठली. आठ महिने गेले त्यात. पोरगा रविवारीसुद्धा खाली जाऊन पत्रपेटी उघडून बघायचा.

मी वकील नाही, नियमही सारखे बदलतायत, तेव्हा खात्री करून घ्या. पण आईवडिलांपैकी एकानेही टाकलं असेल, किंवा एक जण वारला असेल, तर ग्रीन कार्डसाठी फॅमिली कोर्टातून जाणारा रस्ता आहे का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका. तुमच्या न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये भारतातून आलेल्या एका मुलाच्याच प्रकरणात म्हटलंय की फॅमिली कोर्टाने फक्त वस्तुस्थिती नोंदवायची, इमिग्रेशनचा फायदा द्यायचा की नाही हे ठरवायचं नाही. ह्या रस्त्याने ग्रीन कार्डला वर्षं लागतात, आणि त्यातला पहिला अर्ज मंजूर व्हायच्या आधी लग्न केलं तर सगळं मुसळ केरात. गावाकडून स्थळं सांगणाऱ्यांना आत्ताच गप्प करा.

अजून एक, भाषा. जजने विचारलं तर आमचा लाजून "हिंदी" म्हणाला, येते पंजाबी. घरी जी बोलतो तीच सांगायची, दुभाषी मिळतो.

आणि हल्ली कोर्टाच्या आवारात धरपकड होते म्हणून जाऊच नये असं कुणी सांगेल. भीती खरी आहे, पण वकिलाशी बोलल्याशिवाय तारीख चुकवू नका, आम्ही ती न कळता चुकवली तर एवढं झालं.

आज रात्रीच नोटीसवर कुठला पत्ता छापलाय ते बघा, ए-नंबर कोर्टाच्या वेबसाइटवर टाकून तारीख काढा आणि मला कळवा. नंबर इथे लिहू नका, फक्त तारीख.