मासे थांबतील, आधी टाकी मुरू द्या

दोन फुटी टाकी भरून तीन दिवस झालेत, पाणी दुधाळ दिसतंय आणि दुकानदार म्हणतो, "फिल्टर चालू आहे ना, मग रविवारी गोल्डफिश सोडा." कृपया सोडू नका. वाळू नीट धुतली असेल, तर हा दुधाळपणा जिवाणू एकदम वाढल्याचा आहे. आपोआप निवळेल, टाकी उपसू नका.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ते नसल्यातच जमा असतात. मासे आणण्याआधी ते वाढवणं म्हणजेच टाकी मुरवणं. माझ्या पहिल्या टाकीत मी चौथ्या दिवशी सहा गोल्डफिश सोडले. पाणी काचेसारखं होतं. दहाएक दिवसांत ते वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले, कल्ले तपकिरी पडले, आणि एकेक करत सगळे गेले. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. एअर पंपाचे बुडबुडे कितीही असोत, मासा गुदमरतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घाला, क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं. मग त्यांना खाद्य म्हणून अमोनिया द्या. ५० लिटर पाण्यात ०.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. कल्हईचा नवसागर म्हणजे हेच, पण त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. रोज चिमूटभर फिशफूड टाकूनही जमतं, फक्त वेळ लागतो आणि तळाशी बुरशी धरते.

पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजायला लिक्विड टेस्ट किट घ्याच. माझ्या किटमध्ये अमोनियाची नळी पिवळी म्हणजे शून्य, हिरवी म्हणजे आहे. आठ-दहा दिवसांनी हिरवा उतरू लागतो आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी होते. ती जांभळी दोन-तीन आठवडे हलतच नाही. इथेच लोक कंटाळून मासे आणतात. सगळं मिळून चार ते सहा आठवडे धरा, पण निर्णय कॅलेंडरवर नको: २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार. मग साचलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून जास्त पाणी बदला.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. तो ओलाच आणायचा, नळाखाली अजिबात धुवायचा नाही. बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे. तुमच्याकडे लाइट तासन्‌तास जात असेल तर बॅटरीचा एअर पंप ठेवा. वाहतं पाणी थांबलं की फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात.

आणि गोल्डफिश दोन फुटीत नकोच, ते फार मोठे होतात आणि घाणही खूप करतात. सुरुवातीला पाच-सहा गप्पी सोडा, पुढचे पंधरा दिवसांनी.